चौदाशे शटरं आणि एक नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी साडेनऊला मी वर्कशॉपमधल्या टेबलावर चढलो, फोन स्पीकरवर टाकला, फोनसकट डावा हात झरोक्यातून बाहेर काढला आणि आतून ओरडून बोललो. पलीकडच्या बाईंनी विचारलं, औषधाचं दुकान कधी उघडणार?

आमच्या धंद्यातली ही जुनी कटकट. आम्ही दुकानांची शटरं बसवतो आणि दुरुस्त करतो. शटर बसवलं की खाली उजव्या कोपऱ्यात, पत्र्याच्या साच्यातून, लाल रंगात आपला नंबर मारायचा. स्प्रिंग तुटली तर दुकानदाराला शोधाशोध नको. पण दुकान बंद असलं की रस्त्यावरच्या माणसाला तेवढा एकच नंबर दिसतो. मग तो मला विचारतो. न्हावी कधी येणार. शिंप्याकडे माझी पँट आहे. चष्मेवाला मेला का. या शहरात माझी चौदाशे शटरं आहेत.

बाईंना शांतपणे सांगितलं की मी शटरवाला आहे, औषधवाला नाही, आणि शरीर नाशवंत आहे. त्यांनी फोन ठेवला. बोध लगेच होत नाही. मुरावा लागतो.

मुद्दा वेगळा. वर्कशॉपमध्ये रेंज नाही. एक दांडी येते, तीही झरोक्यापाशी. कंपनी नालायक आहे. (नालायक खोडावं. कंपनी कमी पडते आहे.)

ठरवलं: नंबर तोच ठेवायचा, कंपनी बदलायची. चौकात नव्या कंपनीचा मोठा फलक लागलाय, कानाकोपऱ्यात रेंज म्हणून. लोकांना आठवडा लागतो. मी चार दिवसांत उरकणार.

ठिणगी म्हणाला, मालक, भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचं, दार लोखंडी. आपण डब्यात बसलोय. दाराबाहेर एक खिळा ठोका, फोन टांगा, काम झालं. ठिणगी म्हणजे आमचा वेल्डर. वय साठ. डोळ्यांवर काही न लावता वेल्डिंग करतो म्हणून हे नाव. त्याला समजावलं की प्रश्न खिळ्याचा नाही, तंत्रज्ञानाचा आहे. तो वेल्डिंग करू लागला. वाद नको असला की तो वेल्डिंग करतो.

संकल्प: राग नाही. सकाळी अकरापर्यंत मौन. रोजनिशी रोज. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, रोजनिशीत खोटं लिहिलं की हात थरथरतो. माझा थरथरत नाही.

४ फेब्रुवारी

मौन: ९.२० पर्यंत. ठिणगीने ग्रीसचा डबा उघडा ठेवला होता. त्यात मौन कसलं पाळायचं.

कंपनी बदलायची तर आधी जुन्या कंपनीकडून मेसेजवर एक कोड मागवावा लागतो. टेबलावर चढून मागवला. आठ अक्षरं, चार दिवस चालतात. हाताशी असावा म्हणून खडूने पत्र्यावर लिहून ठेवला. दुपारी ठिणगीने तो पत्रा कापून एका पानवाल्याच्या शटरला लावला. चार अक्षरं पानवाल्याकडे गेली. मेसेज होताच, त्यामुळे बिघडलं नाही. पण माझी तयारी बघा.

नव्या कंपनीच्या दुकानात गेलो. थंडगार हवा, काचेचं काउंटर, मागे वीस-बावीस वर्षांची मुलगी. मला सर म्हणाली. फॉर्म भरला. मी तिला म्हणालो, बाळ, हा नंबर म्हणजे माझी तेवीस वर्षांची तपश्चर्या आहे. ती म्हणाली, हो सर, इथे सही.

परत येताना मन इतकं हलकं झालं की देवाचे आभार मानले. काही मागितलं नाही. मी मागत नाही. फक्त म्हटलं, गुरुवारपर्यंत झालं तर बरं.

५ फेब्रुवारी

मेसेज आला. अर्ज नाकारला. कारण: नाव जुळत नाही.

तांत्रिक अडचण. सुरुवातीला होतंच.

दुपारी एक मुका फोन. पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास. असे वर्षातून एक-दोन येतात. मी मुक्यालाही बोध करतो, भेदभाव नाही. शरीर नाशवंत आहे म्हणालो. ठेवला.

६ फेब्रुवारी

मौन: झोपेत धरलं तर ५.३० पर्यंत.

जुन्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथला माणूस डबा खात होता. खाता खाता म्हणाला, हा नंबर तुमच्या नावावर नाहीच. स्क्रीन फिरवून दाखवली. आडनाव माझंच, त्यामुळे क्षणभर वाटलं की हाच चुकतोय. मग पुढचं नाव वाचलं. दादाचं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आठवत नव्हतं.

इथे मी मोकळेपणाने लिहितो, कारण वाचणारा मीच आहे. वर्कशॉप आम्ही दोघांनी काढलं. फोन दादाने घेतला, त्याच्या नावावर. फोनवर तोच बोलायचा. औषधाचं दुकान कधी उघडणार असं कोणी विचारलं की तो सांगायचा, चारला. न्हावी? सोमवारी बंद. शिंपी? लग्नाला गेलाय, परवा येईल. त्यासाठी वही केली होती. दीडशे पानी, निळं कव्हर, प्रत्येक दुकानाची वेळ, सुट्टीचा वार, पुढे मालकाच्या घरचा पत्ता. अख्ख्या बाजाराची चौकशी खिडकी. मी स्प्रिंगांना ग्रीस लावायचो आणि हा तासन्‌तास लोकांना न्हाव्याची वेळ सांगायचा.

एक दिवस मी म्हणालो, आपण शटरवाले आहोत की बाजाराचे चौकीदार? आवाज माझा थोडा चढला असेल. दादा म्हणाला, फोन वाजला की उचलायचा असतो, धाकट्या, मग तो कुणासाठी का असेना. मी म्हणालो, मग दुसरीकडे बसून उचल. त्याने फोन टेबलावर ठेवला. म्हणाला, घे, तूच बोल. आणि गेला.

याला अकरा वर्षं झाली. आता त्याचं किल्ल्यांचं दुकान आहे, इथून दहा मिनिटांवर. मी त्याला कधीच माफ केलं आहे. त्याला ते कळवणं राहिलं एवढंच.

तर अडचण अशी. कंपनी बदलायची तर नंबर आधी माझ्या नावावर हवा, आणि त्यासाठी दादाने स्वतः काउंटरवर येऊन अंगठा द्यायला हवा. आणि त्याच्या मनात आलं तर तो तोच अंगठा देऊन नंबर स्वतःकडे घेऊ शकतो. म्हणजे चौदाशे शटरं एका दुपारीत त्याची. मग मी कोण? लोखंडाच्या डब्यात बसलेला एक मनुष्य.

डबा हा शब्द ठिणगीचा आहे. माझा नाही.

७ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. राग आला नाही. कुणावर येणार, कुणी भेटलंच नाही.

८ फेब्रुवारी

नवीन विचार. पहिल्या अर्जात माझं अक्षर लागलं नसेल. आज सावकाश, ठळक अक्षरात दुसरा फॉर्म भरला. मुलगी म्हणाली, सर, अक्षराचा प्रश्न नाहीये. मी म्हणालो, भरून तर बघ. तिने भरून बघितला. तासाभरात नाकारला.

कोड संपला. दुसरा मागवला.

९ फेब्रुवारी, रविवार

ही म्हणाली, अहो, दादांकडे जाऊन या की. दहा मिनिटांचा रस्ता आहे.

मी म्हणालो, रविवारी त्याचं दुकान बंद असतं.

ही म्हणाली, घर उघडं असतं.

मी म्हणालो, घरी धंद्याचं बोलू नये.

ही म्हणाली, मग आत्ता माझ्याशी काय बोलताय?

तिला एकदा सलग बसवून सगळं समजावून सांगायला हवं. पण ती ऐकत नाही, उत्तरं देते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, अजून हा दोष गेला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

दादाच्या दुकानावरून गेलो. मुद्दाम नाही. पाय त्या बाजूला वळले. देवाची इच्छा असावी, म्हणून मी आड आलो नाही.

दुपारचे दोन. दुकान बंद, शटर खाली. आणि कोपऱ्यात लाल रंगात माझा नंबर.

हे शटर नऊ वर्षांपूर्वी जागेच्या मालकाने आमच्याकडूनच बसवून घेतलं. मी गेलो नव्हतो, ठिणगीला पाठवलं होतं. त्याने सवयीने नंबर मारला. म्हणजे नऊ वर्षं दादाची गिऱ्हाइकं मला फोन करतायत. येतात त्याच्याबद्दल फोन. मी प्रत्येकाला सभ्यपणे सांगतो की मला कल्पना नाही. प्रत्येकाला म्हणजे जवळजवळ.

उभा होतो तेवढ्यात एक गृहस्थ आले. हातात तुटलेली किल्ली. शटर बघितलं, वाकून नंबर वाचला, फोन लावला. माझा खिसा वाजू लागला.

आमच्यात दोन हातांचं अंतर. मी खिशाकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं. सहा वेळा वाजला. शेवटी उचलला, थोडं वळलो, हॅलो म्हणालो. ते फोनमध्ये म्हणाले, किल्लीवाले कधी येणार? मी फोनमध्ये म्हणालो, सांगता येत नाही. ते माझ्याकडे बघत होते. फोनमध्येच म्हणाले, मग तुम्ही इथे काय करताय? मी म्हणालो, मीही वाट बघतोय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फोन मात्र चालूच ठेवला.

मी आधी निघालो. काम होतं.

११ फेब्रुवारी

सकाळी ध्यानात उत्तर मिळालं. इतकं सोपं की हसू आलं.

नंबर हा मोहच आहे. दहा आकड्यांची माया. सोडून द्यायचा. नव्या कंपनीचा नवा नंबर घ्यायचा, माझ्या नावावर, नवा साचा कापायचा आणि चौदाशे शटरांवर मारायचा. दादाकडे जायला नको, अंगठा नको, काही नको. याला वैराग्य म्हणतात.

नंबर घेतला. साचा कापला. जुना फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला, म्हणजे लोकांना वळण लागेल. वर्कशॉपमध्ये नव्या फोनला रेंज दिसली नाही. नवीन आहे, बसायला वेळ लागतो. ठिणगीने फोनकडे बघितलं, छपराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वेल्डिंग.

हिशेब केला. एका शटरला पाच मिनिटं. सहज शंभर होतील दिवसाला. पंधरा दिवसांत शहर पूर्ण.

१२ फेब्रुवारी

नऊ झाली.

शटर रंगवायचं तर ते खाली हवं. खाली असतं तेव्हा दुकान बंद असतं. बंद असलं की मालक नसतो. न विचारता रंगवायला लागलो की शेजारचा दुकानदार येऊन काय चाललंय विचारतो. मग त्याला माया वगैरे समजावून सांगावं लागतं. त्यात वेळ जातो.

१३ फेब्रुवारी

सात. साचा खिडकीशी ठेवला होता, वाऱ्याने गटारात पडला. धुऊन घेतला.

मौन: आज जवळपास दिवसभर. कुणाचाच फोन नाही. किती शांत वाटतं. दर दहा मिनिटांनी फोन बघितला, शांतता टिकून आहे ना म्हणून.

१४ फेब्रुवारी

सहा. त्यातल्या तिघांनी संध्याकाळपर्यंत पांढरा रंग मारून माझा नवा नंबर झाकला. एकाने वर लिहिलं, येथे गाडी लावू नये.

१५ फेब्रुवारी, शनिवार

औषधवाला स्वतः वर्कशॉपवर आला. त्याचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, आणि तेवढ्या वेळात तो वरच्या खोलीत झोपतो. म्हणाला, तुमचा फोन बंद आहे का? चार दिवस लोक माझं शटर बडवतायत. मी म्हणालो, त्याचा माझ्याशी काय संबंध? तो म्हणाला, पूर्वी तुमचा भाऊ होता तेव्हा शटरवर फोन लावला की कळायचं, चारला उघडतं. लोक घरी जायचे. मग तुम्ही आलात. तुम्हाला फोन केला की कळतं, शरीर नाशवंत आहे. औषध घ्यायला आलेल्या माणसाला. पण निदान शरीर ऐकून ते जायचे तरी. आता कुणी उचलतच नाही, म्हणून बडवतात.

मी त्याला म्हणालो, सहन करा. तो म्हणाला, मी तुमच्या दारात येऊन झोपतो, मग बोलू.

एकूण बावीस शटरं झाली, वजा तीन. या वेगाने वर्षाअखेरपर्यंत काहीतरी आकार येईल.

जुना फोन चालू केला. औषधवाल्यासाठी. मोह म्हणून नाही, दया म्हणून. पहिला फोन तिसऱ्या मिनिटाला. न्हावी कधी येणार. काय सांगू, ऐकून बरं वाटलं. त्याला म्हणालो, माहीत नाही. पण प्रेमाने म्हणालो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या कंपनीचा मेसेज. तीनदा वाचला, एकदा हिच्याकडून वाचून घेतला. या नंबरवर दोन वेळा दुसऱ्याच्या नावाने अर्ज आल्यामुळे, नोंदणीकृत मालकाने २२ तारखेपर्यंत स्वतः येऊन ओळख पटवावी. अन्यथा नंबर कायमचा बंद होईल.

दोन वेळा अर्ज करणारा तो दुसरा म्हणजे मी.

हिने फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाली, तेवीस वर्षं कुणी त्या नंबराला हात लावला नव्हता. तुम्हीच कंपनीला जागं केलंत.

पाच दिवस. चौदाशे शटरं, आणि सगळ्यांवर एक मेलेला नंबर. दुकानदाराची स्प्रिंग तुटणार, तो वाकून बघणार, फोन लावणार, लागणार नाही. तो दुसऱ्याला बोलावणार. दुसरा नवं शटर बसवणार, कोपऱ्यात स्वतःचा नंबर मारणार. एकेक करत मी शहरातून पुसला जाणार. ठिणगीला या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेईल? डोळ्यांवर काही न लावणाऱ्याला?

देवाला म्हणालो, मी मागत नाही हे तुला माहीत आहे. यावेळी मागतोय. दुसरा काही मार्ग दाखव. दादाकडे न जाता.

थोडा वेळ थांबलो. काही दाखवलं नाही.

१८ फेब्रुवारी

मौन: दादाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत. खरं मौन.

दादा यंत्रावर किल्ली घासत होता. केस सगळे पांढरे. मान वर न करता म्हणाला, बस धाकट्या. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय गेलाय.

मी उभाच राहिलो. म्हणालो, चार दिवसांपूर्वी पलीकडे काम होतं, म्हटलं जाता जाता.

दादा म्हणाला, आठ दिवसांपूर्वी. एका गिऱ्हाइकाने सांगितलं. म्हणाला, तुमच्या दारात एक माणूस उभा राहून माझ्याशीच फोनवर बोलत होता. तुमच्यासारखाच दिसतो.

मग त्याने किल्ली उजेडात धरून बघितली आणि शांतपणे मोजदाद केली. म्हणाला, नऊ वर्षांत तू मला तीनदा गावाला पाठवलंस, दोनदा दवाखान्यात, आणि एकदा वर. एक जण तोंड पाडून तुझ्या वहिनीला भेटायला आला. ती म्हणाली, थांबा, आत जेवतायत.

मी असं कधी म्हणालो नाही. एकदा 'ते आता नाहीत' म्हणालो असेन. 'दुकानात' हा शब्द रेंजमुळे गेला असावा.

विचारलं, मग शटरवरचा नंबर खोडला का नाहीस? दादा म्हणाला, मला लावायला सोपा पडतो म्हणून. वर्षातून एक-दोनदा लावतो. तू उचलतोस, शरीर नाशवंत आहे म्हणतोस, मी ठेवतो. कळतं, तब्येत बरी आहे.

मी कोपऱ्यातल्या किल्ल्यांकडे बघत बसलो. म्हणजे उभा राहून.

मग सगळं सांगितलं. कंपनी, कोड, फॉर्म, बावीस शटरं, २२ तारीख. दादाने मध्ये एकच प्रश्न विचारला, ठिणगीचे डोळे कसे आहेत? सगळं ऐकून म्हणाला, उद्या अकराला येतो. नंबर तुझ्या नावावर करू. मला तो काय करायचाय, मला शटरं उचलवत नाहीत आता.

एवढं सहज. मला राग आला. अकरा वर्षांची तयारी होती माझी.

निघताना त्याने विचारलं, माझी वही आहे का रे? निळी. मी म्हणालो, आहे, जपून ठेवली आहे. त्याने मान हलवली. हे खोटं नाही. वही रोज माझ्या नजरेसमोर असते. नेमकी कुठे, ते त्याने विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी

जुन्या कंपनीचं काउंटर. दादाने अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, परत ठेवा. परत ठेवला. पुसून ठेवला. ओला करून ठेवला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, तुमचा अंगठा उमटतच नाही. दादा म्हणाला, किल्ल्यांनी खाल्ला. माणसाने मला विचारलं, तुमचा? माझाही नाही. पत्र्याने खाल्ला. आम्ही दोघं भाऊ काउंटरवर वाकून दहाही बोटं एकेक करून त्या काचेवर दाबत होतो, मागे रांग लागली होती, आणि रांगेतली एक बाई म्हणाली, पाय पण लावून बघा.

दादा हसला. मग मीही हसलो. मला हसायचं नव्हतं, अजून बोलणी पूर्ण झाली नव्हती.

शेवटी दादाची डाव्या हाताची अनामिका चालली. माझी करंगळी. तेवीस वर्षं धंदा केला, आणि माझी ओळख आता तेवढ्या करंगळीत उरली आहे.

नंबर माझ्या नावावर झाला. तिथूनच नव्या कंपनीत गेलो. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरला, यावेळी मला काका म्हणाली. मी दादाची ओळख करून दिली. ती म्हणाली, अच्छा, नाव जुळत नव्हतं ते हे?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. दुपारी ३.१० ला जुनी कंपनी गेली, नवी आली. एक दिवस शिल्लक ठेवून. चार दिवस म्हणालो होतो, अठरा लागले. मोठ्या कामात एवढं होतंच.

नवं सिम घातलेला फोन घेऊन वर्कशॉपमध्ये शिरलो. ठिणगी काम थांबवून बघत होता. फोन डोळ्यांसमोर धरला.

रेंज नाही. एकही दांडी नाही. झरोक्यापाशीही नाही. जुन्या कंपनीची एक तरी होती.

टेबलावर चढलो. हात बाहेर काढला. नाही. फोन बंद करून चालू केला. नाही. बसायला वेळ लागतो असं म्हणणार होतो, पण ठिणगी बघत होता.

 त्याने वेल्डिंगही केलं नाही. हे जास्त लागलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८.४०

दादा आला होता. अकरा वर्षांनी दारात उभा राहिला, आत आला नाही, बाहेरूनच छपराकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं आणि म्हणाला, अरे, फोन बाहेर का नाही टांगत?

ठिणगीने हातोडा माझ्यापुढे धरला. खिळा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. कधीपासून होता, विचारलं नाही.

दाराच्या उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, मी स्वतः खिळा ठोकला. फोन टांगला. रेंज पूर्ण. दादा म्हणाला, आणि वही?

आत गेलो, टेबल एका हाताने उचललं आणि मागच्या डाव्या पायाखालून वही काढली. निळं कव्हर दबून पांढरं पडलंय, मध्यभागी टेबलाच्या पायाचा चौकोनी ठसा. दादाने ती हातात घेतली, उलटसुलट केली, ठशावरून बोट फिरवलं. म्हणाला, जपून ठेवली होतीस. आणि दोरा ओवून खिळ्याला लावली.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. पलीकडे एक गृहस्थ, किल्लीवाले कधी उघडणार? दादा समोर उभा. मी सांगितलं, पंधरा मिनिटांत. निघालेच आहेत. आणि ठणठणीत आहेत.

दादा निघाला. जाताना म्हणाला, औषधवाला एक ते चार, पान बारा.

लिहिताना ओळी वाकड्या येतायत. हात थरथरत नाही. टेबल डुगडुगतंय.